पाच खाटा, चार माणसं

"एका खाटेवर जास्तीत जास्त किती जण?" शशीताईनं विचारलं.

"दोन."

"कसे निजणार?"

"एकाचं डोकं पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला."

"दोघांची पूर्वेलाच का नाहीत?"

"मारामारी होईल."

"पुस्तकात तिला मारामारी म्हणत नाहीत, पण चालेल. आता क्लोरीन मांड. सतरा माणसं आहेत."

मी वहीत सतरा माणसं निजवायला घेतली. शशीताई समोर ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. त्यामुळं मी लिहिता लिहिता मोठ्यानं बोलायचं आणि तिनं ऐकायचं, असा आमचा रिवाज पडला होता.

"वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स, थ्री एस टू, थ्री पी फाइव्ह."

"बरोबर. शेवटच्या खोलीत एकाच माणसाची जागा उरली. म्हणून क्लोरीन बघ, सारखा दुसऱ्याच्या घरातला माणूस ओढायला टपलेला. आपल्या थोरल्या आत्यासारखा."

हे चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतलं. आमचं गाव विटा. त्या काळी आमच्याकडे घरात कर्ता पुरुष दिसला, तर एकतर तो आजारी असायचा नाहीतर दिवाळी असायची. एरवी सगळे गलाईला. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. सोनारांकडची मोड आणायची, तेजाबात विरघळवायची, आणि भेसळ काढून चोख धातू वेगळा करायचा. तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं दुकान सेलमला होतं आणि माझे वडील त्याच दुकानात कामाला. दुकानामागच्या खोल्यांतून गावाकडची माणसं एका खाटेला दोन या हिशेबानं निजायची, एकाच्या डोक्याकडे दुसऱ्याचे पाय करून. शशीताई तात्यांची थोरली. लहानपणी दोन उन्हाळे ती तिकडे राहून आलेली. अणूच्या आत कोण कुठे राहतो हे बारावीच्या पुस्तकानं तिला सांगितलं, तेव्हा तिला त्यात नवीन काही वाटलं नाही.

तिनं मला ते तसंच शिकवलं. माणूस म्हणजे इलेक्ट्रॉन, एस म्हणजे एका खाटेची खोली. पी म्हणजे तीन खाटांची, डी म्हणजे पाच. खालच्या मजल्यापासून भरत यायचं. रिकामी खाट असताना कुणी दुसऱ्याच्या पायाशी निजायला जात नाही. आणि फोर एस आधी भरायची, थ्री डी मागून.

"का? तिसरा मजला आधी यायला पाहिजे ना?"

"ती पाच खाटांची खोली पत्र्याखाली आहे. उकडून जीव जातो. तिथं हौसेनं कोण जाईल?"

मी अकरावी आर्ट्सला होतो. रसायनशास्त्राशी माझा काहीही संबंध नसणं, हीच माझी पात्रता होती. बोर्डाचा नियम असा, की परीक्षार्थीला स्वतःला लिहिता येत नसेल तर लेखनिक मिळतो. मात्र तो खालच्या वर्गातला हवा आणि त्याला त्या विषयातलं कळता कामा नये. तात्यांनी गावात चौकशी केली. दोन्ही अटी एकाच माणसात इतक्या चांगल्या जमून आलेल्या दुसरीकडे सापडल्या नाहीत.

पट्टीचं असं झालं होतं. संक्रांतीला तात्या गावी आले होते. येताना कुणाचीतरी चांदीची मोड घेऊन आले आणि परसात चिनी मातीच्या भांड्यात तेजाब ओतून बसले. शशीताई वाकून बघत होती. पाणी निळं व्हायला लागलं तशी म्हणाली, "तात्या, फसवलं तुम्हाला. ह्यात निम्मं तांबं आहे." तात्या भांडं जवळ ओढायला गेले आणि ते उसळलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यानं जूनपर्यंत दिसायला लागेल, उजव्याचं मागून बघू. तोवर अक्षराकडे बघायचंसुद्धा नाही. तात्या सेलमला परत गेले नाहीत. दोन दिवस परसात नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शशे, परीक्षा पुढल्या साली दे. मी काय म्हणत न्हाई."

"मला सगळं येतंय तात्या," ताई म्हणाली. "नुसतं दिसत नाही."

दोघांत करार झालेला होता, तो दिवाळीतला. मार्कांवर सरकारी कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगला नंबर लागला तर तात्या तिला पाठवणार होते. नाही लागला, तर मदुराईचं स्थळ. मुलगा चांगला होता, धंद्यातलाच होता. त्याच्यात खोट एवढीच, की तो कॉलेज नव्हता.

तर फेब्रुवारीभर मी वाचायचं, तिनं ऐकायचं, आणि मग तिनं सांगायचं, मी लिहायचं. पेपर इंग्रजीत, त्यामुळे माझं स्पेलिंग सुधारण्यात पहिला आठवडा गेला. पण त्या खाटांचा मला नाद लागला. हायड्रोजनपासून सुरू करून आम्ही रोज दोन-दोन, तीन-तीन घरं भरत गेलो. तेविसाव्या व्हॅनेडियमला मी ती सांगायच्या आधीच म्हणालो, "फोर एस टू, थ्री डी थ्री."

ताईनं पट्टी माझ्याकडे वळवली. मग हसली. "जालू, आता बास. तू शहाणा व्हायला लागलास. बोर्डाला कळलं तर तुला हाकलून देतील आणि मला कुणी उरणार नाही. पुढचं तुला नको. आता फिजिक्स घे."

मी फिजिक्स घेतलं. पण रात्री इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर माझं मी पुढे भरत गेलो. चोवीस, पंचवीस, सव्वीस, थेट तीसपर्यंत. नियम पाठ होता. माणसं मोजायची आणि निजवायची. ते पान मी तिला वाचून दाखवलं नाही. परीक्षा झाल्यावर दाखवणार होतो. मला शाळेत कधी कुठल्या विषयात शाबासकी मिळालेली नव्हती, आणि ही पहिली मी नीट साठवून, वेळ बघून घेणार होतो.

रसायनशास्त्राच्या पेपरला आम्हाला वेगळी खोली होती. नकाशे ठेवायची खोली ती. भारताचे सतरा नकाशे गुंडाळून कोपऱ्यात उभे होते. आमच्यावर देखरेखीला मुलाणी सर. ते भूगोल शिकवायचे. त्यांनी मला उभं केलं आणि बोर्डाचा कागद वाचून दाखवला. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि मराठीत सांगितलं, "ती बोलेल तेच लिहायचं. तुझे फक्त कान आणि हात परीक्षेला बसलेत. डोकं बाहेर चपलांपाशी ठेवून ये. मनाचं एक अक्षर लिहिलंस तर पेपर रद्द होईल. तुझा नव्हे, तिचा."

"हो सर."

"आणि पोरी, प्रत्येक उत्तर त्याच्याकडून वाचून घेत जा."

"हो सर."

त्या दिवशी सकाळी घरात एक गोष्ट झाली होती. मदुराईचे लोक रविवारी येताहेत, असं काकीनं ताईला तोंड धुताना सांगितलं. नुसतं भेटायला येताहेत म्हणाली. ताईनं भाकरी तशीच ठेवली. वाटेत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पहिल्याच प्रश्नाच्या आकडेमोडीत तिनं सदतीसच्या जागी सत्तावीस सांगितलं, आणि तीन ओळी पुढे गेल्यावर म्हणाली, "थांब. मी सत्तावीस म्हणाले का? सदतीस कर." तिच्या तोंडून चूक झालेली मी त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकली. मी खोडून सदतीस केलं, आणि मला तिची काळजी वाटायला लागली.

तिसरा प्रश्न मी वाचला. दोन मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉनची मांडणी लिहा. क्रोमियम चोवीस, कॉपर एकोणतीस. एकेक मार्क.

दोन्ही माझ्या वहीत होते.

"लिही," ताई म्हणाली. "क्रोमियम. वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स, थ्री एस टू, थ्री पी सिक्स." मग थोडं थांबून, "फोर एस वन, थ्री डी फाइव्ह."

माझं पेन थांबलं. मी मुलाणी सरांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"लिहिलंस?"

"हो."

"वाच."

मी वाचलं, "वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स, थ्री एस टू, थ्री पी सिक्स, फोर एस वन, थ्री डी फाइव्ह."

"आता कॉपर. अठरापर्यंत तेच. पुढे फोर एस वन, थ्री डी टेन."

तेही लिहून झालं. तेही मी वाचून दाखवलं. ताईनं मान हलवली आणि आम्ही चौथ्या प्रश्नाला लागलो.

पेपर सुटल्यावर ती माझं कोपर धरून चालत होती. सकाळची गप्प बसलेली ताई कुठल्या कुठे गेली होती. रस्त्यावरची माणसं पट्टी बांधलेली मुलगी हसतेय म्हणून वळून बघत होती.

"नव्वद," ती म्हणाली. "मी मोजलेत. नव्वदच्या खाली येत नाहीत. आणि तो तिसरा प्रश्न. दोन्ही सापळे एकदम टाकलेत बघ. वर्गातली निम्मी पोरं पडली असणार त्यात."

"कसले सापळे?"

"अरे, तुला शिकवलं नाही ते मी. आता परीक्षा झाली, आता ऐक. क्रोमियमला खाली फोर एसमध्ये एका खाटेवर दोघं. वर पत्र्याखाली पाच खाटा आणि चार माणसं. एक खाट रिकामी. बरोबर? नियमानं बसवलं तर असंच येतं."

"हो."

"पण माणसाचा स्वभाव बघ की. खाली दोघं एकमेकांच्या पायांचा वास घेत पडलेत, आणि वर एक अख्खी खाट मोकळी. मग त्यातला एक वळकटी उचलतो आणि जातो वर. पाचही खाटांवर एकेक माणूस, खालीही एकटाच. सगळे सुखी. म्हणून फोर एस वन, थ्री डी फाइव्ह. तांब्याचंही तसंच, तिथं एक जण वर गेला की पाचही खाटा पुऱ्या भरतात. चांदीचं तसंच, सोन्याचं तसंच. आपलं सगळं घर त्या अपवादावर चाललंय, मी कशी विसरेन ते?"

मी थांबलो.

"काय झालं रे?"

"चप्पल तुटली."

चप्पल धड होती. पण तिला दिसत नव्हतं. मी घरापर्यंत एक पाय फरफटत चाललो, कारण एकदा तुटली म्हटल्यावर तसं चालणं भाग होतं.

मी लिहिलं होतं फोर एस टू, थ्री डी फोर. आणि तांब्याला फोर एस टू, थ्री डी नाइन. मला वाटलं होतं ती चुकली. सकाळपासून जेवलेली नाही, मदुराईच्या लोकांनी डोकं फिरवलंय, सत्तावीसच्या वेळी चुकली तशीच पुन्हा चुकली. उघड सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर मला विषय येतो हे सरांना कळणार, आणि पेपर रद्द. म्हणून मी कागदावर तिची चूक गुपचूप दुरुस्त केली, आणि वाचून मात्र तिनं सांगितलेलंच दाखवलं. किती हुशारीनं निभावलं, असं वाटून चौथा प्रश्न लिहिताना मी मनातल्या मनात हसत होतो.

घरी येऊन मी जेवलो. दोन भाकऱ्या खाल्ल्या. काकी म्हणाली, पोरानं खूप मेहनत घेतली.

मुलाणी सरांकडे परत जाता आलं असतं. पण मनाचं एक अक्षर लिहिलं तर पेपर रद्द, हे त्यांनीच वाचून दाखवलं होतं. दोन मार्क वाचवायला गेलो तर शंभर जाणार. हा हिशेब मी स्वतःला पुष्कळदा करून दाखवला, आणि तो दरवेळी जुळला. दोन मार्कांनी काय होतं, हे दुसरं वाक्यही मला त्या एप्रिल-मेमध्ये फार उपयोगी पडलं.

जूनच्या निकालात ताईला तिन्ही विषय मिळून तीनशेपैकी दोनशे एकोणसाठ पडले. सरकारी कॉलेजची केमिकलची शेवटची जागा दोनशे साठला बंद झाली.

रसायनात अठ्ठ्याऐंशी होते. ताईनं मार्कांच्या पडताळणीचा अर्ज केला. त्या काळी उत्तरपत्रिका दाखवत नसत. बेरीज पुन्हा करून बघत आणि कळवत. बेरीज बरोबर आहे, असं कळवलं. बरोबरच होती ती.

जुलैत एका दुपारी तात्यांनी मला हाक मारली. मी आत गेलो तर सोप्यात ताई बसली होती. डावा डोळा उघडला होता, चष्म्याच्या उजव्या काचेवर काळा कागद चिकटवलेला. मांडीवर रसायनाची प्रश्नपत्रिका. ती आता स्वतः वाचू शकत होती, आणि तीन दिवस ती तेच करत होती. तात्यांच्या हातात एक फॉर्म होता.

"बस," तात्या म्हणाले. "आता तूच सांग हिला. मी कालेजातनं फारम आणलाय. पुढल्या मार्चला परत बस म्हणतोय. वरीस गेलं तर गेलं. मदुराईवाल्यास्नी मी सांगतो काय सांगायचं ते. माझ्या हातनं झालंय, मीच निस्तरतो. तर ही बया न्हाई म्हणतीया."

"नाही म्हणत नाही," ताई म्हणाली. "मला आधी एक कळू दे. जालू, सगळी उत्तरं मी पुन्हा करून बघितली. मी मोजले ते नव्वदच येतात. मग दोन गेले कुठे? तू लिहिलंस, तुला आठवत असेल. तिसरा प्रश्न. क्रोमियमला पेपरात काय लिहिलंय?"

आता पेपर रद्द व्हायचा प्रश्न नव्हता. निकाल लागून गेला होता. माझ्यापाशी कुठलंच कारण उरलं नव्हतं. तात्या माझ्याकडे बघत होते आणि ताईचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. सतरा वर्षांचा माणूस किती भित्रा असू शकतो याची मला तोवर कल्पना नव्हती.

"फोर एस टू," मी म्हणालो. "थ्री डी फोर."

ताईनं प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आणि कॉपर?"

"फोर एस टू, थ्री डी नाइन."

"मी असं सांगितलं?"

"तू जे सांगितलंस तेच तुला वाचून दाखवलं, ताई."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कागदावर होतं ते मी सांगितलं. तिनं सांगितलेलंच तिला वाचून दाखवलं होतं, तेही सांगितलं. कुठल्याही कोर्टात मी सुटलो असतो.

तात्या म्हणाले, "तांबं?" आणि हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "तांब्याला चुकलीस, शशे? आपल्या घरात?"

ताईनं प्रश्नपत्रिकेची घडी घातली. "मला चांगलं आठवतं," ती हळू म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखं. "मी फोर एस वन म्हणाले. त्यानं वाचलं तेव्हाही मला फोर एस वन ऐकू आलं. म्हणजे मी मनात एक म्हणते आणि तोंडानं दुसरं. आणि ऐकू येतं ते मनातलं."

"आगं, डोकं थाऱ्यावर नव्हतं त्या दिवशी," तात्या म्हणाले. "हुतंय एखाद्या वेळी. म्हणून तर म्हणतोय, परत बस."

"सत्तावीसही म्हणाले होते. ते सापडलं म्हणून कळलं. न सापडलेल्या अशा किती असतील तात्या? ते डोळ्यात गेलं त्या दिवसापासनं आत काहीतरी बिघडलंय. येतं ते येतंय असं मला नुसतं वाटतंय." तिनं फॉर्म तात्यांच्या हातातून घेतला, गुळगुळीत केला आणि परत दिला. "इंजिनियर होऊन तिथं चुकले तर माणसं मरतील. नको. रविवारी बोलवा त्यांना."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन, तिला समजावेन, असं त्यांना वाटत असणार. मी प्रश्नपत्रिकेकडे बघत होतो.

"बोल की रं," तात्या म्हणाले.

"ताईला वाटेल तसं," मी म्हणालो.

मार्गशीर्षात लग्न झालं. मी जेवणाच्या पंक्तीत वाढायला होतो, आणि मला सगळे म्हणाले, ह्या पोरानं बहिणीसाठी फार केलं.

मदुराईला तिचं चांगलं झालं. हे मी उपहासानं म्हणत नाही. नवरा चांगला निघाला, दोन मुलं झाली, मोठं घर झालं. नवऱ्यानं सुरुवातीला तिला दुकानात बसायला बोलावलं होतं. तेजाबाचं तिला कळतं, कस बघता येईल म्हणाला. ती गेली नाही. बाकी बदल म्हणावा तर एकच. ती कुठलंही वाक्य पुरं करताना समोरच्याला विचारायची, "बरोबर ना?" आज बुधवार, बरोबर ना? गॅस बंद केला मी, बघून ये बरं. मुलाचा जन्म नऊ तारखेचा, हो ना हो? सासरच्यांना वाटायचं, बाई नम्र आहे. माहेरच्यांना वाटायचं, सासरनं वळण लावलं. चाळीस वर्षं सुट्टीला आली की ती मला विचारायची आणि मी सांगायचो, बरोबर आहे ताई. दरवेळी बरोबरच असायचं.

मी पंचायत समितीत कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणून निवृत्त झालो. मध्यंतरीच्या काळात चार माणसांत बसलो की गमती सांगायचो. लग्नाकार्यात लोक मला मुद्दाम बसवून घ्यायचे. तात्या शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणायचे, जाल्याला बोलवा, काहीतरी बनवून सांगंल.

तात्यांच्या तेराव्याला, गेल्या वर्षी, ताई आली होती. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघंच मागच्या पायरीवर बसलो होतो. तात्या असेपर्यंत बोलायचं नाही, असं एक कारण मी त्या काळात वापरत होतो. तेही आता संपलं होतं. मी सगळं सांगितलं. इतिहासाच्या वहीचं मागचं पान, थांबलेलं पेन, वाचून दाखवलेलं एक आणि लिहिलेलं एक. धड चप्पल. आणि जुलैतली दुपार. एकही गोष्ट वगळली नाही, एकही गमतीची केली नाही.

ताई ऐकत होती. डाव्या डोळ्यानं परसाकडे बघत होती. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"किती जीव रे तुझा माझ्यावर," ती म्हणाली.

"ताई, हे खरं आहे."

"असू दे."

"असू दे काय? तू बरोबर सांगितलं होतंस. दोन्ही. मी बदललं."

"आणि इतकं बारीक," ती हसून म्हणाली. "चपलेसकट. तात्या असते तर खूश झाले असते. तुला लहानपणापासनं हेच जमतं, कुणाला वाईट वाटत असलं की काहीतरी रचून आणायचं. माझं काही राहिलेलं नाही रे आता मनात. चुकले तर चुकले."

"तुझी शपथ, ताई."

"शपथा नको घेऊस. ह्या वयात लागतात." तिनं पदर सावरला. "चल, चहा टाकते. तुला साखर चालत नाही ना? बरोबर ना?"

"बरोबर."

ती उठली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

"जालू, ते क्रोमियमचं तू आत्ता काय म्हणालास? फोर एस वन, थ्री डी फाइव्ह?"

"हो."

"तेच बरोबर असतं?"

"तेच बरोबर असतं, ताई. तूच शिकवलंस मला."

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान हलवली. मग कमरेचा फोन काढला आणि एका डोळ्याजवळ धरून नंबर शोधायला लागली.

"थांब," ती म्हणाली. "नात अकरावीला आहे. तिला एकदा विचारून घेते."